बेघर माणूस, कर्माचा सिद्धांत आणि आपले साहित्य

(१)

गेल्या वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा शिकवीत होतो. कथा वाचून संपली तेव्हा वर्ग गप्प होता. मी विचारले, "भीमावर ही पाळी का आली?" पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, खाण बंद पडली तेव्हा त्याने सरळ गावी परत जायला पाहिजे होतं. मढी उकरायचा धंदा त्याने स्वतःच निवडला." मागून एक मुलगी म्हणाली, "नशीबच तसं, सर. त्याला कोण काय करणार?" बघता बघता वर्गात दोन तट पडले. माणूस आपल्या करणीने रस्त्यावर येतो, असे एक तट म्हणत होता. दैवाच्या फटक्याने येतो, असे दुसरा. तास संपला तरी वाद मिटला नाही.

ही मुले कोण होती, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांतली निम्मी वस्तीतली आहेत. काहींचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत साखर कारखान्याच्या हद्दीत कोपीत राहतात. एकजण भटक्या जमातीतला आहे. त्याच्या आजोबांचे उभे आयुष्य पालात गेले. पांढरपेशा घरातल्या मुलांनी अशी उत्तरे दिली असती तर मला नवल वाटले नसते. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर सहा महिन्यांचे आहे ती मुलेही बेघर माणसाचा विचार 'त्याची चूक की त्याचे दुर्दैव' या दोनच खणांत करतात, हे मला अस्वस्थ करून गेले. आणि मी तरी वेगळा कोठे होतो? त्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

माणूस बेघर होतो तो स्वतःच्या निवडीमुळे की दुर्दैवामुळे, हा प्रश्न दिसायला सरळ आहे. माझे म्हणणे असे की हा प्रश्नच आपल्याला चुकीच्या जागी उभा करतो. त्याची दोन्ही उत्तरे एकाच मुळातून फुटलेली आहेत, आणि ते मूळ आपल्या पूर्वजांनी पुरेपूर भोगलेले आहे. मराठी साहित्यातल्या काही कृती समोर ठेवून हे तपासून पाहू.

(२)

आपल्याकडे रस्त्यावर झोपलेल्या माणसाकडे बघून दोन वाक्ये बोलली जातात. एक, 'केले तसे भोगतोय.' दुसरे, 'नशिबाचे भोग, दुसरे काय.' पहिले वाक्य निष्ठुर वाटते, दुसरे दयाळू. परंतु दोन्ही वाक्यांत 'भोग' तोच आहे. कर्मसिद्धांताने हे दोन्ही शब्द फार पूर्वीच एका दावणीला बांधले. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी कर्माची वाटणी झाली. या जन्मात जे दुर्दैव म्हणून वाट्याला येते ते मागच्या जन्मीची करणी ठरते, आणि या जन्माची करणी पुढच्या जन्माचे दुर्दैव ठरते. दोष माणसाचा आणि शिक्षा दैवाची. या हिशेबात तिसऱ्या कोणाचे नावच येत नाही. ज्याने जमीन बळकावली, ज्याने खोली दिली नाही, ज्याने मजुरी बुडवली तो या वहीत कोठेच नोंदलेला नसतो.

बाबासाहेबांनी ही मेख अचूक ओळखली होती. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाच्या विचारापासून काळजीपूर्वक वेगळा काढला आहे. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, यापलीकडे अशा सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपण धम्म स्वीकारला, देव्हारे काढले, उपासतापास सोडले. पण जबाबदारी टाळण्याची ही युक्ती आपल्या बोलण्यातून गेली का? माझ्या वर्गाने दिलेले उत्तर, ती गेलेली नाही, असे सांगते. फरक इतकाच की आता 'प्रारब्ध' ऐवजी 'परिस्थिती' आणि 'पूर्वकर्म' ऐवजी 'चुकीचा निर्णय' असे शब्द वापरले जातात.

शिवाय आपल्या बाबतीत बेघरपण हा अपघात नव्हता. तो नियम होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, असे सांगितले आहे. त्यांनी नेहमी भटकत राहावे, हेही तेथेच सांगितले आहे. जे बेघरपण शास्त्रात कलम म्हणून घातले गेले, त्याला दुर्दैव म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. ज्या माणसाने ते कलम लिहिले नाही, वाचले नाही, ज्याला ते वाचण्याचीही बंदी होती, त्याने ते निवडले असे म्हणणे ही तर थट्टा झाली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले ते घरांच्या रचनेचेही पुस्तक होते, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही.

(३)

निवड आणि दुर्दैव या दोन्ही शब्दांचा फोलपणा दाखवणारा सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. १९१७ साली ते कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण घेऊन, लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून बडोद्याला नोकरीसाठी आले. 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आठवणीत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. म्हणून ते पारशी नाव लावून एका पारशी उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा घोळका आला आणि त्यांना त्याच दिवशी जागा सोडायला सांगण्यात आले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांकडेही त्यांना आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

आता वर्गातला प्रश्न येथे लावून पाहावा. या माणसाने कोणती चुकीची निवड केली होती? तो दारू पीत नव्हता, आळशी नव्हता, अडाणी नव्हता. हातात नोकरी होती, खिशात भाड्यापुरते पैसे होते. मग हे दुर्दैव होते काय? वीज कोसळली नव्हती, पूर आला नव्हता. काठ्या माणसांच्या हातात होत्या. शहरात खोल्या रिकाम्या होत्या आणि एका शिकलेल्या माणसाला बागेत बसावे लागले. त्याला रस्त्यावर आणणारी गोष्ट निवडही नव्हती आणि नशीबही नव्हते. ती व्यवस्था होती, आणि व्यवस्थेला हात असतात.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा मी नेहमी या आठवणीच्या शेजारी ठेवून शिकवतो. या कथेच्या नावाचा संग्रह १९६३ साली आला. बडोद्याच्या प्रसंगाला तेव्हा सेहेचाळीस वर्षे झाली होती. मधे राज्यघटना आली, अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरली. तरीही बागुलांच्या नायकाला रेल्वेतली नोकरी मिळते आणि खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागते. जात उघडी पडते आणि मार बसतो. पण त्या मारामागे हात कोणाचा होता हे नायकाला ठाऊक आहे, आणि तो मारणाऱ्या माणसांपाशी थांबत नाही, थेट मनूपर्यंत पोचतो. कथेची थोरवी मला येथे दिसते. कथेच्या शीर्षकात 'चोरली' हा शब्द आहे. समीक्षकांनी त्यातला उपरोध पुष्कळ वाखाणला. परंतु तो शब्द उपरोधापेक्षा अधिक काही सांगतो. ज्याला घर हवे त्याला गुन्हेगार व्हावे लागते, अशी ही रचना आहे. आधी गुन्ह्याशिवाय वाट ठेवायची नाही आणि मग गुन्हा त्याने निवडला म्हणायचे.

हे केवळ जुने झाले, असे कोणी म्हणू नये. मी आज तासिका तत्त्वावर शिकवतो. या शहरात आलो तेव्हा खोली बघायला गेलो की पहिला प्रश्न आडनावाचा असे. आडनावावरून उलगडा झाला नाही तर दुसरा प्रश्न गावाचा, तिसरा 'नॉनव्हेज खाता का?' हा. दोन ठिकाणी ठरलेली खोली दुसऱ्या दिवशी 'पाहुणे येणार आहेत' म्हणून गेली. पदवी खिशात असूनही मी त्या आठवड्यात मित्राच्या खोलीवर जमिनीवर झोपलो. तो मित्र नसता तर मी कोठे झोपलो असतो, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारतो.

(४)

बागुलांचा संग्रह आला त्याच १९६३ साली जयवंत दळवींची 'चक्र' ही कादंबरी आली. मुंबईच्या झोपडपट्टीतले जीवन पांढरपेशा वाचकापुढे आणण्याचे श्रेय या कादंबरीला दिले जाते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अम्मा, बेन्वा, लुका ही माणसे दळवींनी कळवळ्याने उभी केली. १९८१ साली त्यावर निघालेला चित्रपटही गाजला. परंतु शीर्षक पाहा. चक्र म्हणजे जे आपोआप फिरते ते. भूक, वासना, रोग, मरण आणि पुन्हा भूक. या फेऱ्यात माणसे सापडलेली आहेत आणि वाचकाला त्यांची दया येते. मात्र हे चक्र फिरवतो कोण, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहत नाही. झोपडी जेथे उभी आहे ती जमीन कोणाची, या माणसांच्या श्रमावर कोणाच्या इमारती चढल्या, ही विचारणा कादंबरीच्या परिघाबाहेर राहते. दळवींची सहानुभूती खरी आहे. पण ती सहानुभूती दुर्दैवाबद्दलची आहे, अन्यायाबद्दलची नाही. दुर्दैवाबद्दल हळहळणाऱ्याला काही करावे लागत नाही.

आता 'स्मशानातील सोनं' घ्या. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. शहरात त्याला काम आणि निवारा याच दोन गोष्टी सापडत नाहीत. म्हणून तो उपनगरात जंगलाच्या कडेला जातो आणि खाणीत दगड फोडण्याचे काम धरतो. बायको, पोर, संसार उभा राहतो. एके दिवशी खाण बंद होते. घरी येताना त्याला एका राखेच्या ढिगात सोन्याची अंगठी सापडते. मग तो मढ्यांची राख चाळतो, पुढे पुरलेली मढी उकरू लागतो. शेवटी कोल्ह्यांशी झुंजून मढ्याच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात, आणि ती गमवावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा चालू झाली.

अण्णा भाऊंची ही शेवटची बातमी म्हणजे संपूर्ण कथेचा न्यायनिवाडा आहे. भीमा स्मशानात गेला तो त्याच्या हौसेने नव्हे, आणि बोटे गेली ती दैवाने नव्हे. खाण बंद करण्याचा निर्णय कोठेतरी झाला आणि ती उघडण्याचा निर्णयही कोठेतरी झाला. या दोन निर्णयांच्या मधल्या दिवसांत एका माणसाचे माणूसपण आणि त्याची दगड फोडणारी बोटे गेली. निवड झाली होती, यात शंका नाही. पण ती निवड भीमाची नव्हती. आणि निवड जेथे झाली तेथे भीमाला कोणी विचारायला गेले नव्हते. दळवींचे चक्र स्वतःहून फिरते. अण्णा भाऊंची खाण कोणीतरी बंद करतो आणि उघडतो. एकाच शहरावरच्या या दोन कृतींमधले हे अंतर केवळ शैलीचे नाही. ते जाणिवेचे अंतर आहे.

(५)

"त्याने गावी परत जायला पाहिजे होतं," हे माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य. हेच वाक्य जुलै १९८१ मध्ये महाराष्ट्र शासन बोलले होते. फूटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या काढून त्यांना मूळ गावी पाठवण्याची घोषणा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी भर पावसाळ्यात केली. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसे बसमध्ये बसवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्या अर्जदारांपैकी एकाची हकीगत निकालपत्रात नोंदलेली आहे. तो सेलमकडचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ साली मुंबईला आला. १९८१ साली त्याची झोपडी मोडून त्याला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायकोमुलांना तेथे ठेवून तो पुन्हा मुंबईला परतला, काम शोधू लागला, पुन्हा फूटपाथवर आला. 'परत जा' या उपदेशाचे पुढे काय होते, ते या एका नोंदीत दिसते. गावात काम असते तर तो आला कशाला असता?

१० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ही मोठी गोष्ट होती. फूटपाथवर राहणारी माणसे गुन्हा करण्याच्या इराद्याने तेथे राहत नाहीत, ती परिस्थितीच्या रेट्याने आली आहेत, त्यात त्यांची निवड नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. म्हणजे आपल्या वादात न्यायालयाने दुर्दैवाच्या बाजूने कौल दिला. आणि पुढे? नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर झोपड्या काढण्याची मुभा पालिकेला राहिली. १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा देण्याचे सांगितले गेले, नोंद नसलेल्यांना तेवढाही आधार नव्हता. म्हणूनच मी म्हणतो की दुर्दैव मान्य झाल्याने छप्पर मिळत नाही. 'यात तुझा दोष नाही' असे म्हणून माणसाला रस्त्यावरूनही उठवता येते.

दुसरी बाजू मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ ची. ज्याच्याजवळ उपजीविकेचे उघड साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो, तोसुद्धा या कायद्याच्या व्याख्येत भिकारी ठरतो. त्याने हात पसरलेला असण्याची गरज नाही. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद. हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्या हद्दीपुरती त्यातली अनेक कलमे घटनाविरोधी ठरवली. एक कायदा गरिबीला गुन्हा म्हणतो, एक निकाल तिला असहायता म्हणतो. पहिल्याने माणूस कोठडीत जातो, दुसऱ्याने तो पुढच्या फूटपाथवर जातो. घरात कोणत्याच वाटेने जात नाही.

(६)

येथपर्यंत मी इतरांचे दोष दाखवले. आता आपल्याकडे वळले पाहिजे.

आमच्या घरात दोन भावांची दोन मुले. एक मी, एक माझा चुलतभाऊ, माझ्याहून वर्षाने मोठा. दोघेही एकाच शाळेत, एकाच कंदिलाखाली. मी वसतिगृहात गेलो, पदवीधर झालो, घराण्यातला पहिला. तो पुण्यात बांधकामावर गेला आणि शेवटी एका पुलाखाली राहू लागला. काही वर्षांपूर्वी वस्तीत १४ एप्रिलला माझे भाषण ठेवले होते. शिक्षणाचे महत्त्व सांगताना मी नाव न घेता त्याचा दाखला दिला. एकाच घरातली दोन पोरे. एकाने पुस्तक धरले, एकाने बाटली धरली, बघा फरक. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर माझी चुलती मंडपाच्या कडेला उभी होती. जवळ गेलो तेव्हा ती इतकेच म्हणाली, "लई चांगलं बोललास. पन दारू मागून आली रे लेकरा. आधी खोली गेली."

मी तेथून घरी आलो आणि प्रथमच क्रम नीट लावला. चुलत्याने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि हंगामाच्या तोंडावर तो अंथरुणाला खिळला. उचल फेडायला कोयत्यावर पोरगा गेला. दहावीची परीक्षा तशीच राहिली. माझ्या बापाने त्या वर्षी उचल घेतलेली नव्हती, म्हणून मी वसतिगृहाचा अर्ज भरू शकलो. पुढे पुण्यात तो परांचीवरून पडला, पाय मोडला. ठेकेदाराने चार-दोन हजार हातावर ठेवले आणि दुसरा माणूस लावला. चार महिन्यांचे भाडे थकले. मालकाने सामान बाहेर काढले. बायको मुले घेऊन माहेरी गेली. तो दुकानाच्या ओट्यावर झोपू लागला. दुखऱ्या पायाला आणि थंडीला दारूचा उतारा सापडला. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, लंगडा म्हणून काम नाही. हे सगळे मला ठाऊक होते. मी फक्त त्याचे शेवटचे पान पहिले म्हणून वाचत होतो.

आपल्या आत्मकथनांच्या वाचनातही हीच चूक होते, असे मला वाटते. आत्मकथन लिहितो तो वाचलेला माणूस असतो. जो पुलाखाली राहिला त्याचे आत्मकथन येत नाही. त्यामुळे आपल्या साहित्याचा एक साचा नकळत तयार होतो: दारिद्र्य, जिद्द, शिक्षण, मुक्ती. या साच्यातून वाचकाला वाटते की शिक्षणाची निवड ज्याने केली तो तरला आणि ज्याने केली नाही तो बुडाला. लेखकांनी तसे म्हटलेले नाही. दया पवारांच्या 'बलुतं' मध्ये (१९७८) बापाची दारू झाकून ठेवलेली नाही. पण त्याच पानांवर कावाखाना आहे, एकाच जागेत आडोसे करून राहणारी कुटुंबे आहेत, घाम गाळूनही माणसाला माणसासारखी जागा न देणारी मुंबई आहे. जो वाचक दारू वाचतो आणि कावाखाना वगळतो तो अर्धेच पुस्तक वाचतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' ने (१९८०) तर शीर्षकातच साचा मोडला. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शिकतो, तरीही उपराच राहतो. भटकंती ही या जमातींची आवड आहे, असे समजणाऱ्यांना हे पुस्तक आजही उत्तर देते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि ज्यांची हजेरी घेतली गेली, त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या. कागदावरचा शिक्का पुसला, पण पाल ठोकायला जागा कोणी दिली?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळे व्यवस्थेवर ढकलले तर माणसाच्या हातात काय उरते? बाबासाहेबांनी तर स्वाभिमान शिकवला. मेलेली ढोरे ओढू नका, शिळे तुकडे मागू नका, असे सांगितले. म्हणजे निवड करायलाच सांगितले. हे खरे आहे. मी निवड नाकारत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे जे वर्णन केले, अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे कोंडवाडे या अर्थाचे, ते ध्यानात घेतले तर गाव सोडणारा दलित माणूस हा दुर्दैवाने वाहत आलेला पालापाचोळा ठरत नाही. त्याने विचार करून गाव सोडले. गावकुसाबाहेरच्या हक्काच्या अपमानापेक्षा शहरातला अनोळखी फूटपाथ त्याला बरा वाटला असेल, तर ती त्याची निवड आहे आणि तिचा आदर झाला पाहिजे. त्याला केवळ बिचारा म्हणणे हाही त्याचा अपमानच आहे. परंतु गाव सोडणे ही निवड. शहराने त्याला घर न देणे ही त्याची निवड नव्हे. माणसाने दार निवडले म्हणून दारामागची भिंत त्याने बांधली, असे होत नाही. बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला तो माणसाने लढावे म्हणून. हरलेल्याला दोष द्यायला ते हत्यार त्यांनी आपल्या हाती दिले नव्हते. मी १४ एप्रिलला ते तसे वापरले, ही माझी चूक मी येथे लिहून ठेवतो.

(७)

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेने देशातली बेघर माणसे मोजली. ती सुमारे १७ लाख ७० हजार भरली. एका रात्रीत एवढ्या माणसांच्या चुकीच्या निवडी जुळून आल्या, की एवढ्यांचे नशीब एकदम फुटले? आकडा इतका मोठा झाला की दोन्ही उत्तरे हास्यास्पद वाटू लागतात. पण तोच प्रश्न एका माणसाबद्दल विचारला की दोन्ही उत्तरे पुन्हा खरी वाटू लागतात. साहित्याचा धंदा एका माणसाचा असतो, म्हणून साहित्यावर ही जबाबदारी अधिक येते. एकाच माणसाची गोष्ट सांगताना खाण कोणाच्या निर्णयाने बंद झाली, खोली कोणी नाकारली, उचल कोणी दिली, हे ज्या लेखनात येते ते लेखन माणसाला दोषातून आणि दयेतून, दोन्हींतून सोडवते. अण्णा भाऊंनी आणि बागुलांनी हे केले. आपल्या नव्या लेखकांनी पुलाखालच्या माणसाकडे जाताना ही कसोटी बरोबर घ्यावी, आणि आपण समीक्षकांनीही.

चुलतभावाला मी त्या भाषणानंतर दोनदा भेटलो. पहिल्यांदा तो फारसा बोलला नाही. दुसऱ्यांदा त्याने माझ्या नोकरीची चौकशी केली, "पर्मनंट झालास का?" असे विचारले. नाही म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "खोली मात्र सोडू नको."

या वर्षी पुन्हा 'स्मशानातील सोनं' शिकवायला घेतली. भीमावर ही पाळी का आली, असे मी या वेळी विचारले नाही. विचारले, "खाण कोणी बंद केली?" वर्गात कोणी हात वर केला नाही. मग एकेक करून मुले कथेची पाने मागे उलटू लागली.